अंगाची वाटणी

बेबाबाई पाटील जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"ताई, मना पोऱ्याले कोनीतरी सुई टोचस. तो नाव सांगत नही. माले त्यानं नाव जोयजे. त्याना हात तोडसू मी."

सारिका महाजननं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. सारिका आधी विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधायची. आता जळगावात स्वतःचं ऑफिस टाकून कोणाचंही खोटं शोधून देते. शेजारच्या स्टुलावर तोताराम. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, सारिकाची गाडी चालवतो आणि न विचारता मतं देतो. गाडी उत्तम चालवतो, मतांबद्दल न बोललेलं बरं.

बेबाबाईंचं माहेर शिंदखेड्याचं. उभा जन्म पहूरला सासरी काढूनही बोली मात्र माहेरचीच राहिली होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकटा मुलगा नीलेश, वय एकोणीस. जळगावात खोली घेऊन कॉलेजला होता, पण कॉलेजपेक्षा जिममध्ये जास्त. वर्षभरात पोरगा असा काही भरला की अख्खा गाव तोंडात बोट घालून बघायचा. आणि चार दिवसांपूर्वी त्याच जिममध्ये तो धाडकन कोसळला. तेव्हापासून तो जळगावातच दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड.

"शुक्रवारे घर सोडतस," बेबाबाई म्हणाल्या. "रविवारे धुळाले स्पर्धा शे. तो म्हणस, मी जासूच. डॉक्टर म्हणस, आखो एक सुई गयी ते पोऱ्या हातमा राहाव नही."

"तुम्ही एकट्याच आलात?"

"नही, मोठा पोऱ्या लयना. हेमराज. खाले गाडीजोडे उभा शे."

"वर नाही आला?"

"लाजस तो."

बेबाबाई गेल्यावर तोतारामनं मांडीवर थाप मारली. "ताई, यात शोधायचं काय? जिमवाला! उचला आणि आत टाका."

"चला, आधी पोराला भेटू," सारिका म्हणाली.

*

दवाखान्यात नीलेश कॉटवर पडला होता. दंड उशीएवढे, आणि चेहरा मात्र अजून शाळकरी, तोही पिवळा पडलेला. डाव्या हाताला सलाईन. उजव्या मनगटावर निळ्या प्लास्टिकची पीळ दिलेली पट्टी.

"हे काय बुवा, मैत्रीचा धागा?" तोतारामनं विचारलं.

नीलेशनं हात चादरीखाली ओढला. "असंच आहे."

"सुया कोण देत होतं?" सारिकानं विचारलं.

"मीच घेत होतो. माझ्या मर्जीनं. कोणाला त्रास देऊ नका."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मान हलवली.

"खोटं बोलतोय. सुया कमरेखाली मागच्या बाजूला आहेत, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, बरोब्बर आलटून पालटून. स्वतःच्या हातानं इतक्या सरळ जात नाहीत. देणारा सराईत आहे. पण सुई जाड वापरलीय, आमच्यासारखी बारीक नाही. एका ठिकाणी गळू झालंय."

"आणि धोका किती?"

"या वयात शरीर स्वतःचं हार्मोन बनवतंय. वरून ओतलं की ते बनवणंच सोडून देतं. शिवाय गोळ्यांनी लिव्हर सुजलंय, रक्त घट्ट झालंय, हृदयाची भिंत जाड व्हायला लागलीय. बाहेरून दिसतं तो दंड. हृदयही फुगतं, ते कोणाला दिसत नाही."

*

गिरधर सपकाळेच्या जिममधला मोठा आरसा फुटलेला होता. नीलेशचे काका लोक पहूरहून येऊन तो फोडून गेले होते, आणि शुक्रवारी पोलिसात तक्रार देणार म्हणून दम भरून गेले होते.

"मॅडम, मी अंडी सांगतो, हरभरे सांगतो. सुईला हात लावत नाही," गिरधर काकुळतीला आला होता. "माझी पण पोरंबाळं आहेत हो."

"नीलेशचं अंग सुरुवातीला कसं होतं?"

"खरं सांगू? नव्हतंच. मनगट बारीक, खांदा अरुंद. मेहनत जीव तोडून करायचा, पण अंग धरेना. आणि त्याचा भाऊ! पहिल्या दिवशी त्याला सोडायला आला होता. आयुष्यात जिम पाहिलेली नाही, पण पोटऱ्या, पाठ, मान... मी तर सगळ्यांसमोर म्हणालो, पोरांनो, जेनेटिक्स म्हणतात ते हे! धाकट्यानं जन्मभर लोखंड उचललं तरी हे यायचं नाही."

"नीलेशसमोर म्हणालात?"

"समोरच उभा होता तो." गिरधरचा आवाज खाली आला. "तेव्हा सगळे हसले. तोही हसला."

सारिका फुटक्या आरशाकडे बघत राहिली. "त्याची काही खास सवय?"

"सोमवारी आमच्याकडे पायांचा व्यायाम असतो. हा कधी करायचा नाही. धड बसताही यायचं नाही त्याला. म्हणायचा, गावाहून येताना एसटीची सीट टोचते."

"आमच्या एसटीला नावं ठेवायची नाहीत," तोताराम फणकारला.

"आणि ती निळी पट्टी," गिरधर म्हणाला. "बार धरताना अडकायची. काढ म्हटलं तर म्हणे, सर, हिला हात लावायचा नाही, पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या हातात जाईल."

"बघा, नवस असणार," तोताराम म्हणाला.

*

माल कुठून यायचा ते नीलेशच्या खोलीवरच्या रिकाम्या डब्यांनी सांगितलं. डब्यांवर धुळ्याच्या एका दुकानाचं लेबल होतं. पारोळ्याला तोतारामनं शेवभाजी चापली आणि दुपारपर्यंत गाडी धुळ्यात पाचकंदील चौकाजवळ लावली.

दुकान योगेंद्र देवरेचं. रविवारच्या स्पर्धेचा आयोजकही तोच. समोर पावडरचे डबे, मागे पडदा. सारिकानं पडद्याकडे नुसतं बोट दाखवलं.

"मी आत जाऊ, की औषध निरीक्षकांना बोलावू?"

योगेंद्रनं घाम पुसला. "बाटल्या मी दिल्या. पण टोचत नाही कोणाला. तो धंदा आपला नाही."

"नीलेश कोणाबरोबर यायचा?"

"एकटाच. सुया पण घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाला. सुया घरी आहेत म्हणे."

"त्याचं वय विचारलंत कधी?"

"वय कोण विचारतं, मॅडम? बापाकडून ज्याला अंग मिळालं नाही, तो बाटलीतून घेतो. मी फक्त विकतो."

तोताराम एरवी बोलण्यात शूर, पण या वेळी खरंच टेबलावर हात आपटला. "अरे, पोरगं मरायला टेकलंय तिकडे! लाज नाही वाटत?"

सारिकानं त्याला ओढत बाहेर आणलं आणि गाडीत बसायच्या आधी औषध निरीक्षकांना फोन लावला.

"म्हणजे टोचणारा जिमवालाच," तोताराम अजून धुमसत होता.

"भाऊ, गिरधर टोचत असता तर सुया नीलेशच्या घरी कशाला असतील? उद्या पहूर."

*

पहूरच्या घरात ओट्यावरून आत गेलं की समोरच नीलेशच्या वडिलांची, कौतिक पाटलांची तसबीर. त्यांना वारून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या कुस्तीच्या गोष्टी गावात अजून सांगत. तीच मान, तेच खांदे घेऊन हेमराज मागच्या केळीच्या बागेत उभा होता. सारिकानं बेबाबाईंकडे पाहिलं. बारीक मनगट, अरुंद खांदा. नीलेश आईवर गेला होता.

बाग निसवायला लागली होती, झाडाझाडातून केळफुलं बाहेर पडत होती. बऱ्याच झाडांना नव्या केळफुलाजवळ निळ्या प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती.

"हे कशाला?" तोतारामनं विचारलं. त्याला बागेतलं काही कळत नाही आणि विचारायची लाजही नाही.

"घडावर घालायची पिशवी फाटली की तिच्या पट्ट्या करतो," हेमराज म्हणाला. "फूल निघालं की त्यात औषधाची सुई द्यावी लागते, कीड लागू नये म्हणून. इतकी झाडं, कोणाला दिली, कोणाला राहिली, ध्यानात राहत नाही. मागे एका झाडाला दोनदा गेली आणि फूल करपलं. तेव्हापासून सुई काढली की आधी पट्टी बांधायची, मग पुढच्या झाडाकडे. हाताला सवयच झालीय."

"सुई तुम्हीच देता?"

"दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही वाटत."

"नीलेश घरी केव्हा यायचा?"

"दर रविवारी. आईच्या हातचं जेवायला."

"तुमचे काका उद्या गिरधरवर तक्रार देणार आहेत."

हेमराजनं केळीच्या पानावरची धूळ पुसली. "मी त्यांना थांबा म्हणतोय. कोणावर उगाच आळ नको."

परत येताना तोताराम म्हणाला, "भला माणूस आहे हो."

"भलाच आहे," सारिका म्हणाली. "म्हणून तर त्रास होतोय."

*

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात नीलेशच्या खोलीत सारिकानं सगळ्यांना बोलावलं. बेबाबाई कॉटच्या पायथ्याशी, हेमराज खिडकीजवळ, गिरधर दाराशी. तोताराम स्टुलावर.

"बेबाबाई, तुम्हाला नाव हवं होतं," सारिका म्हणाली. "देते. पण आधी सगळं ऐकून घ्या.

"सुई जळगावात दिली गेली असेल, असं सगळे धरून चालले होते. पण नीलेशला बसता यायचं नाही ते सोमवारी. म्हणजे सुई रविवारी. आणि रविवारी तो जळगावात नसायचा, पहूरला असायचा. गिरधर, तुमची सुटका तिथेच झाली."

गिरधर भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटले.

"दुकानदारानं सुया देऊ केल्या, तर नीलेश म्हणाला, सुया घरी आहेत. शेतकऱ्याच्या घरी सुया कशाला? डॉक्टर म्हणाले, सुई जाड आहे, पण हात सराईत. दवाखान्यातला नाही आणि तरी सराईत, असा हात पहूरला कोणाचा?"

तोतारामनं वळून खिडकीकडे पाहिलं.

"आणि ही पट्टी. नवस नाही आणि मैत्रीचा धागाही नाही. एका आठवड्यात उजव्या हातात, पुढच्या आठवड्यात डाव्या. सुयाही तशाच, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कोणती बाजू झाली ते विसरू नये म्हणून केलेली खूण. जिमवाला अशी खूण करणार नाही, कंपाउंडरही नाही. सुई काढली की आधी पट्टी बांधणारा माणूस एकच."

"भाऊचं नाव घेऊ नका!" नीलेश उठून बसला. "मी सांगितलं होतं त्याला! तो नको म्हणत होता!"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हेमराजनं खिशात हात घातला आणि एक छोटी बाटली कॉटवर ठेवली. कोणी त्याला विचारलंही नव्हतं.

"ही रविवारची. शेवटची म्हणाला. आणली होती, पण द्यायची की नाही..." तो सारिकाकडे वळला. "ताई, आबा गेल्यावर शेताची वाटणी ठरवली, बांधापर्यंत सारखी. पण आबांचं अंग बठ्ठं, सगळंच्या सगळं, मालेच गये. माले काय त्यानं? मी केळीचे घड वाहतो. ते हवं होतं याला. त्या दिवशी जिममध्ये सगळे हसले ना, तेव्हा वाटलं, मी याचा वाटा खाऊन बसलोय. पहिल्यांदा ताकदीचं औषध म्हणाला. नंतर समजलं मला. पण तोवर त्याला आरशात बघून हसताना पाहिलं होतं. मला नाही म्हणवलं नाही."

"तुम्ही काही खाल्लेलं नाही, हेमराज," सारिका म्हणाली. "ते कोणाच्या हातात नसतं. आणि नीलेश, बारीक मनगट हा आजार नाही. सुईनं ते बदललंही नाही, ते अजून आईचंच आहे. बदललं ते लिव्हर आणि हृदय."

बेबाबाई उठल्या. हेमराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याचा उजवा हात धरला. तोताराम स्टुलावरून अर्धा उठला. त्या पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या ते त्याला आठवलं.

"बागमा पट्टी बांधेल झाडले परत सुई देतस का रे?" त्यांनी विचारलं.

हेमराज खाली बघत म्हणाला, "नही, माय."

"का?"

"करपी जास."

बेबाबाईंनी नीलेशच्या मनगटावरची निळी पट्टी सोडली, दातात धरून उभी फाडली आणि दोन्ही तुकडे हेमराजच्या हातात ठेवले.

"बांध. दोन्ही हातले बांध."

नीलेशनं आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, कॉटवरच्या बाटलीकडे पाहिलं. धुळ्याचं स्टेज बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर असावं. मग त्यानं बाटली सारिकाकडे सरकवली आणि दोन्ही हात पुढे केले, एका हाताला सलाईन होतं तरी.

हेमराज गुडघ्यावर बसला. बागेत दिवसभर गाठी मारणारा माणूस, पण एवढीशी गाठ काही केल्या जमेना.

बेबाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी गाठीवर बोट धरलं.