बारा जुलैची सावली

"बाई, रविवारी मंडळातनं माझं नाव काढणार हायत," उंबऱ्यातच उभी राहून ती म्हणाली. "चोर म्हणून."

सुभेदार मानसिंगरावांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते साताऱ्यात थोरल्या बहिणीकडे राहत. लीलाबाई पंचवीस वर्षं शाळा तपासून घरी बसल्या होत्या, पण खोटं हजेरीपत्रक हुंगून काढायची सवय काही सुटली नव्हती. आता लोक आपल्या भानगडी घेऊन त्यांच्याकडे येत. लीलाबाई तपास करत आणि मानसिंगराव पिशवी धरत.

दारातली राहीबाई औंधजवळच्या एका खेड्यात एकटीने शाळा चालवत होती. डिसेंबरचा गारठा होता, तरी तिच्या कपाळावर घाम होता.

"आधी पाणी पी," लीलाबाई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांग."

सातारा-सांगलीच्या शिक्षिका मंडळात बारा जणी होत्या आणि मंडळाची एक नाडीची फिरती फाइल होती. ती एसटीने शाळेमागून शाळा हिंडायची. जिच्याकडे येईल तिने आपल्या वर्गात जमलेला एखादा पाठ कागदावर लिहून आत घालायचा. आधीच्या बायकांचे पाठ स्वतःच्या वर्गात करून बघायचे आणि त्याच कागदाखाली अभिप्राय लिहायचा. फाइलीच्या पुठ्ठ्यावर नियमच होता: 'करून बघा, मग लिहा.' काही जणी काहीच न घालता फाइल पुढे ढकलत, ते सोडा.

राहीबाईचा नंबर शेवटचा, नोव्हेंबरातला. तिने सावलीचा पाठ लिहिला. काठी रोवायची, सावली मोजायची, त्यावरून पोरांना सूर्याची चाल शिकवायची. तोच पाठ तिने पुण्याच्या शिक्षण परिषदेलाही पाठवला. पुण्याहून उत्तर आलं की हाच पाठ तुमच्या मंडळाच्या चिटणीस गोदावरीबाई यांनीही पाठवला आहे, खरा कुणाचा ते मंडळाने कळवावं. मंडळाने फाइल उघडली, तर गोदावरीबाईंचा कागद जुलैचा निघाला. राहीबाईचा कागद फाइलीत नव्हताच.

"त्यांचा कागद तू पाहिला होतास?"

"न्हाई बाई. माझ्याकडं फाइल आली तवा तो नव्हताच. पण माझं कोण ऐकतंय?" तिने रिकामं भांडं खाली ठेवलं. "आमच्या गावात मला शिकवायचं कसं ते विचारायला दुसरं माणूस न्हाई. मला जे येतं ते या फाइलीतनं आलंय. ती गेली तर मी परत आंधळी."

मानसिंगरावांनी बशी खाली ठेवली. ते उठून पिशवी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं राहीबाईच्या शाळेत पोचली. मानसिंगराव उत्तरेकडच्या ओट्यावर सावलीत टेकले आणि त्यांना डुलकी लागली.

"बसा निवांत," राहीबाई म्हणाली. "आत्ता बरं हाय. जून-जुलैत उघडीप पडली की या ओट्यावर ऊन येतं, पोरं मागल्या अंगाला न्यावी लागत्यात."

अंगणात तीन फुटी काठी होती. तिच्या उत्तरेला चुना फासलेले गोटे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर तारीख. दिवसातली सगळ्यात आखूड सावली जिथे संपे तिथे पोरं गोटा ठेवत. लीलाबाईंनी टेप काढली. बावीस नोव्हेंबरचा गोटा काठीपासून दोन फूट चार इंचांवर होता. त्यापुढचा प्रत्येक गोटा थोडा थोडा लांब गेला होता.

"गोटे काय, कुणाचा कागद वाचून बी मांडता येतील," परतताना मानसिंगराव म्हणाले.

"येतील की," लीलाबाई म्हणाल्या. "म्हणून तर टेप आणली."

तिथून सांगली. राहीबाईने एसटीने धाडलेली फाइल मंडळातल्याच माधवनगरच्या पद्माताईंनी स्टँडवर उतरवून घेतली होती आणि चार दिवस स्वतःकडे ठेवून मग गोदावरीबाईंकडे पोचवली होती. परिषदेत पाठ मांडायला पुण्याला जायची त्यांचीही इच्छा होती, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

"चार दिवस माझ्या कपाटात होती. उघडली नाही," पद्माताई फटकन म्हणाल्या. "माझी पाळी सप्टेंबरातच झाली होती."

"तेव्हा गोदावरीबाईंचा सावलीचा पाठ आत होता?"

"कागदांचा ढीग होता, कुणाचा होता नि कुणाचा नव्हता ते आज कसं सांगू? पण जे होते ते सगळे मी वर्गात केले. अध्यक्षांच्या पाठाखालीसुद्धा 'मुलींना कळला नाही' असं लिहिलंय. बघा हवं तर."

बाहेर आल्यावर मानसिंगराव कुजबुजले, "आक्का, हीच. जीभ बघ केवढी."

लीलाबाई पुढे चालू लागल्या होत्या.

गोदावरीबाई सांगलीच्या मुलींच्या शाळेत होत्या, मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांनी चहा मागवला, फाइल समोर ठेवली, आणि कागद स्वतःच काढून दिला. सुवाच्य अक्षर. 'बारा जुलै. काठी तीन फूट. दिवसातली सर्वांत आखूड सावली दोन फूट चार इंच, उत्तरेला.'

"जुलैत ऊन कुठलं मिळालं?" लीलाबाईंनी विचारलं.

"चांगली उघडीप होती. मुली अंगणात उभ्या केल्या नि मी स्वतः मोजली."

"खाली अभिप्राय एकही नाही."

"चिटणिसांच्या पाठाला नावं कोण ठेवणार?" गोदावरीबाई हसल्या. "वाईट वाटतं हो त्या पोरीचं. पण शिस्त ती शिस्त."

परतीच्या एसटीत मानसिंगरावांनी पुन्हा पद्माताईंचं नाव घेतलं.

"तू ओट्यावर बसलास तेव्हा राहीबाई काय म्हणाली?" लीलाबाईंनी विचारलं.

"निवांत बसा म्हणाली."

"आणि पुढं?"

पुढचं काही मानसिंगरावांना आठवेना. लीलाबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि डोळे मिटले.

रविवारी साताऱ्यात बाराही जणी जमल्या. राहीबाई दाराजवळच्या बाकावर बसली होती, कोणी हाकलायच्या आत निघून जाता यावं अशी. अध्यक्ष अंबूबाईंनी ठरावाचा कागद हातात घेतला होता.

"सहीआधी दोन गोष्टी," लीलाबाई उठल्या. "या फाइलीतल्या सप्टेंबरापर्यंतच्या प्रत्येक पाठाखाली पद्माताईंचा अभिप्राय आहे. अध्यक्षांनाही त्यांनी सोडलं नाही. राहीबाईनेही प्रत्येक पाठ करून बघितलाय. मग जुलैच्या या एकाच कागदाखाली दोघींचं अक्षर का नाही?"

लीलाबाईंनी तो कागद साऱ्यांपुढे धरला.

"कारण त्यांच्या पाळीला तो आत नव्हता. फाइल परत आल्यावर तो घातला गेला आणि दुसरा एक काढला गेला."

"हा तर्क झाला," गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या.

"खरंय. मानसिंग, आषाढात उघडीप पडली तर भर दुपारी तुझी सावली कुठं असते?"

मानसिंगराव गडबडले. साऱ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. "कुठं म्हंजे? पायाखाली. वाईच दक्षिणेला." आणि मग ओट्यावरचं ते अर्धवट ऐकलेलं वाक्य त्यांना आठवलं. "आक्का, जुलैत उत्तरेच्या ओट्यावर ऊन येतं. सूर्य आपल्या डोक्यावरनं पलीकडं उत्तरेला गेलेला असतोय. मग सावली उत्तरेला पडंल कशी?"

"पडत नाही," लीलाबाई म्हणाल्या. "जुलैत तीन फुटी काठीची आखूड सावली चार बोटं भरेल, तीही दक्षिणेला. दोन फूट चार इंच, उत्तरेला, हा आकडा बावीस नोव्हेंबरचा. राहीबाईच्या अंगणात तो गोटा मी मोजलाय. गोदावरीबाई, तुम्ही तारीख बदललीत, आकडा तसाच ठेवलात. एकदा काठी रोवून बघितली असती तर कळलं असतं. नियम तुमच्याच हातचा आहे ना पुठ्ठ्यावर?"

गोदावरीबाईंनी चष्मा काढला. पदराने तो पुसला.

"अठरा वर्षं फाइल बांधली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे पाठ पुढे धाडले. माझा एक कागद कधी आत गेला नाही. मार्चमध्ये घरी बसणार. वाटलं, एकदा तरी पुण्याला आपलं नाव जावं."

"राहीबाईचा कागद?"

"जाळला."

अंबूबाईंनी ठराव टराटरा फाडला. "आता यांचं नाव काढायचं. राहीबाई, तू सांग."

राहीबाई उठली. ती दाराजवळून पुढे आली.

"माफ करणार न्हाई मी," ती म्हणाली. "पण नाव काढून माझा कागद परत येतोय व्हय? माझ्या शाळेत पोरानं दुसऱ्याचं गणित उतरवलं तर मी त्याला ते परत लिहायला लावते. ज्याचं त्याच्या नावानं."

तिने फाइलीतून एक कोरा कागद काढला आणि गोदावरीबाईंपुढे ठेवला. मानसिंगरावांनी न सांगताच आपलं पेन पुढे केलं.

गोदावरीबाईंनी कागदाच्या वर राहीबाईचं पूर्ण नाव लिहिलं. मग हात थांबला. वर न बघताच त्यांनी विचारलं, "तारीख कुठली घालू?"

"खरी," राहीबाई म्हणाली.