मोठे दिसू लागलेले बोये

सातवं कासव उलटं करताना डॉक्टरीणबाईंच्या तोंडून जो शब्द निघाला, तो कुठल्याही वैद्यकीय अहवालात बसणारा नव्हता.

बाई गुरांच्या डॉक्टर. पण समुद्र राखीव करताना त्यातल्या प्राण्यांसाठी वेगळा डॉक्टर नेमायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यामुळे गाईपासून कासवापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. सकाळी सातला राखीव समुद्राच्या साहेबांचा फोन आला. "किनाऱ्यावर सात कासवं लागलीत. वास सुटायच्या आत अहवाल द्या."

मानेवर जाळ्याचे वळ. फुप्फुसात पाणी. आणि जबड्यात समुद्री गवताचा हिरवागार घास, चावलेला, पण गिळायचा राहिलेला. सातही जणी जेवता जेवता बुडाल्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी बाईंच्या आईच्या वयाची असावी.

"तुमच्या मामाला सांगू नका, पण चार वाजता समितीची बैठक आहे," साहेबांच्या कारकुनाने जाता जाता कुजबुज केली. "त्याला घरी बसवणार. आणि पहारा असून कासवं मरतात, तर समुद्र राखून ठेवायचा कशाला, म्हणून राखीव क्षेत्रच रद्द करायचा ठराव आहे."

मामा म्हणजे बाईंचा सख्खा मामा. टेहळणीच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसणारा राखणदार. राखीव क्षेत्राची गस्ती बोट दोन वर्षं दुरुस्तीत होती, त्यामुळे सगळा समुद्र मामाच्या डोळ्यांवर सोपवला होता.

बाई मनोरा चढल्या त्या धापा टाकत आणि रागाने लाल होऊन.

"एकही ट्रॉलर आत आला नाही?"

"नाही."

"डुलकी लागली होती?"

"मामाला विचारतेस हे?"

"डॉक्टर म्हणून विचारतेय. भाची म्हणून विचारलं असतं तर तू कान पिळला असतास."

मामाने दुर्बीण खाली ठेवली. "ट्रॉलर आले होते. चार दिवस, दिवसाढवळ्या तळापासून जाळी ओढत. पण हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या पिवळ्या बोयांच्या पलीकडे. तिथे त्यांना मोकळीक आहे. मी दात-ओठ खात बघत बसलो."

"कासवांचं गवत कुठे उगवतं?"

"सगळं बोयांच्या आत. बाहेर नुसता चिखल."

"मग या सात जणी काय डबा बांधून बाहेर जेवायला गेल्या होत्या?"

तो हिशेब मामालाही सुटत नव्हता.

"एवढ्यात काही वेगळं घडलं का?"

"मागच्या आठवड्यात बोयांना रंग दिला. मी नव्हतो. मला प्रशिक्षणाला धाडलं होतं. पहारा कसा द्यावा, या विषयावर." चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या मामाने हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. "शिकवणारा मास्तर बोटीत दोनदा ओकला. रंग मात्र झकास दिलाय. बोये मोठे दिसायला लागले."

"मोठे?"

"आधी हात लांब केला की बोया अंगठ्याच्या नखाआड दडायचा. आता नख पुरत नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, नवा रंग डोळ्यांत भरतो."

बाईंनी हात लांब करून एक डोळा मिटला. नख खरंच पुरत नव्हतं.

साहेबांच्या कचेरीत शिरताना आधी फायबरचा डॉल्फिन भेटायचा. तो अखंड हसत असे. आत भिंतीवर 'सागर वाचवा' आणि त्याखाली टेबलावर नवाकोरा फोटो: साहेबांची लेक, शेजारी तिचा नवरा आणि साहेबांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले जावयाचे वडील.

"व्याही?" बाईंनी विचारलं.

"हो, हो. फार मोठा माणूस," साहेब खुलले. "अहवाल झाला? 'जाळ्यात बुडून मृत्यू, पहाऱ्यात कसूर' एवढंच लिहा."

"बोये तुम्ही रंगवले ना? जागेवरून उचलून?"

"छे! उचलायचे तर क्रेनची बोट काढावी लागते, आणि तिची चावी माझ्या या खणात असते. रंगाऱ्याला होडीत बसवलं आणि पाण्यावर तरंगत असतानाच वरून ब्रश फिरवला. बोये तसूभर हलले नाहीत. का?"

"छान रंग आहे," बाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर फोटोतलाच मोठा माणूस बैठकीची वाट पाहत बसला होता. किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांपैकी निम्मे त्याचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दुपारी एक वाजता मामाने एक होडी मागून आणली. पहिल्या बोयापाशी बाईंनी बाह्या सरसावल्या, हात पाण्यात घालून बोयाचं बूड चाचपलं आणि मग बोया तिरका करून पाहिला. बूड पिवळं होतं. साखळी अडकवायची बुडाची कडीही पिवळी होती.

"मामा, इथे पाणी किती?"

मामाने शिसं बांधलेली दोरी सोडली आणि दोन्ही हात फैलावून मोजली. दोन हात फैलावले की एक वाव. "तीन वाव."

"आता साखळी वर घे."

दोघांनी घाम गाळत साखळी ओढली. तिच्यावर अगदी वरच्या टोकापासून शिंपल्यांचे दाट थर. मामा हात फैलावून मोजत गेला. तीन वाव झाले, शिंपले संपेनात. पुढची साखळी तळाच्या वाळूत वेटोळं घालून पडली होती, तिच्यावरही शिंपले. सहा वाव. सात. तिथे शिंपले अचानक थांबले, आणि पुढची साखळी घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत निघाली.

मामाचे हात हवेत फैलावलेलेच राहिले. मग त्याने साहेबांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

"चारपर्यंत तोंड मिटून बस," बाई म्हणाल्या. "तुझं मिटेल. माझं मिटतंय का, ते बघते."

चार वाजता बाईंनी चौघांच्या मदतीने सर्वांत मोठं कासव बैठकीच्या लांब टेबलावर, साहेबांच्या चकचकीत वार्षिक अहवालांवर ठेवलं. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांनी नुसता चष्मा वर केला.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या. "हिच्या तोंडातला घास पाहा. हे गवत फक्त राखीव भागात उगवतं. म्हणजे ही आत मेली. राखणदार म्हणतो, बोयांची रेषा एकाही ट्रॉलरने ओलांडली नाही. तोही खरं बोलतोय. मग खोटं कोण बोलतंय? रेषा."

"काहीतरीच!"

"साहेब म्हणाले, बोये पाण्यावरच रंगवले. मग बुडाला रंग कसा? पाण्याखाली रंग बसत नाही. बोये किनाऱ्यावर आणले होते, आणि रंगारी बिचारा प्रामाणिक निघाला. त्याने बूडही रंगवलं. या कचेरीत दिसतं तेवढंच रंगवायची पद्धत आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

मामाने साखळीचा कापून आणलेला तुकडा टेबलावर आपटला. डॉल्फिनपर्यंत आवाज गेला.

"साखळी तर कुणी रंगवलेलीच नाही, ती खरं सांगते," बाईंचा आवाज चढला. "पाण्यात लोंबणाऱ्या साखळीवर शिंपले धरतात. तळाला टेकलेली साखळी वाळूवर घासून लखलखीत होते. म्हणून शिंपले जिथवर, तिथवर तिने वर्षानुवर्षं पाहिलेलं पाणी. शिंपले सात वाव आहेत. बोया आज तीन वाव पाण्यात उभा आहे. नकाशात पाहा, सात वाव पाणी कुठे आहे."

अध्यक्षबाईंनी नकाशावर बोट फिरवलं. बोट गवताच्या पलीकडच्या कडेला थांबलं.

"जुनी रेषा," त्या म्हणाल्या.

"बोये किनाऱ्याकडे सरकवले आणि सगळं गवत बाहेर पडलं. ते मोठे दिसायला लागले, कारण ते जवळ आले होते. क्रेनच्या बोटीची चावी साहेबांच्या खणात. राखणदाराला त्याच दिवशी पहारा शिकायला साहेबांनीच धाडलं. बोये हललेच नाहीत, हे खोटंही साहेबांचंच. आणि गवतावर जाळी ओढली ती बाहेर बाकावर बसलेल्या व्याह्यांनी. लोक व्याह्यांना घड्याळ देतात, साहेब. तुम्ही समुद्र दिलात!"

साहेबांनी रुमाल काढला. "तुम्हाला कळणार नाही. मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? ठराव झाला असता, तर सगळं कायदेशीरच होणार होतं. आणि सात कासवांसाठी माणसाला आयुष्यातून उठवायचं?"

"किनाऱ्याला लागली ती सात!" बाईंनी टेबलावर मूठ आपटली. "न लागलेली किती? आणि गवत नांगरून काढलंत, तिथे वाचलेल्यांनी खायचं काय, तुमचा वार्षिक अहवाल?"

अध्यक्षबाईंनी ठरावाचा कागद उभा-आडवा फाडला आणि कारकुनाला पोलिसांना बोलवायला सांगितलं. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी घाईने उठल्याचा आवाज आला.

"तोवर बोये परत जागेवर कोण नेईल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी," मामा म्हणाला, आणि साहेबांपुढे तळहात धरला. "चावी."

दोन दिवसांनी बाई पुन्हा मनोरा चढल्या. मामाने दुर्बीण पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, हात लांब केला आणि एक डोळा मिटला.

सगळे बोये, एकेक करून, नखाआड दडले.

"गवत कधी येईल रे?"

"माझ्या हयातीत नाही," मामा म्हणाला, आणि दुर्बीण डोळ्याला लावून बसला.