फाटकाबाहेरची छाया

मुकादम गेनू शेलारांच्या शेवंताचं लग्न झालं ते साल २०६१. तेव्हा बांधकामाचा रोजचा बेत माणसं आखत नव्हती. 'नियोजक' नावाची संगणकप्रणाली ते काम करी. कुठला स्लॅब कधी भरायचा, क्रेन कुणीकडे वळवायची, कोणाला किती उंच चढवायचं, सगळं तीच ठरवी. हेल्मेटमध्ये बसवलेलं यंत्र माणसाची चाल, श्वास, पापण्यांची उघडझाप टिपत असे. आज कोणाच्या हातून चूक होणार, ते नियोजकाला सकाळीच कळे आणि पडद्यावर त्याच्या नावावर करडा रंग चढे. माणसं त्याला 'छाया' म्हणत. छाया पडलेल्यानं दिवस मावळेपर्यंत शेडमध्ये बसायचं, एवढाच नियम. तीन वर्षांत साइटवर एकही माणूस दगावला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी छाया पडली ती गेनूच्या जावयावर, दौलतवर. तो सळया बांधणाऱ्या टोळीत होता.

"बसा नवरदेव, हळद उतरली नाही अजून," शेडमधला एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

चाळीस माणसांत जावयाचं हसं व्हावं, हे गेनूला सोसेना. त्यानं दौलतला बाजूला घेतलं.

"जावईबापू, बांधायची तार संपत आलीय. तेवढी गावातनं घेऊन या."

"मामा, माझ्यावर छाया आहे ना?"

"असू द्या. तुम्हाला उंचावर थोडंच चढायचंय?"

दौलत मोटारसायकलवरून फाटकाबाहेर पडला आणि पडद्यावरचा करडा रंग जाऊन त्याचं नाव हिरवं झालं. गेनूला वाटलं, संकट टळलं. त्यानं निवांत चहा घेतला.

चौदाव्या दिवशी तो सुरक्षा इंजिनिअर पाठारेबाईंच्या केबिनमध्ये उभा होता.

"बाई, पडदा हिरवा झालेला मी स्वतः बघितलाय."

"फाटकाबाहेरचं नियोजकाला दिसत नाही, मुकादम. छाया जागेवर नसते, माणसावर असते. तुमचे जावई ती सोबत घेऊन गेले."

"मग यंत्र चुकलं?"

"नाही."

"मग मी चुकलो?"

बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. आजच्या बेतात दोन करडी नावं होती आणि दोघांपुढे लिहिलं होतं : बाहेरचं काम.

"हे कोणी लिहिलं?"

"नियोजकानं. साइटवर माणूस मरू नये आणि कामही अडू नये, एवढंच त्याला शिकवलंय. तुम्ही माणूस बाहेर पाठवलात, धोका शून्य झाला, बसून राहणारा कामालाही लागला. त्यानं ते तुमच्याकडून उचललं."

"बंद करा की मग."

"मुख्य कार्यालयाला कळवलंय. ते म्हणतात, आकडे उत्तम आहेत."

गेनूनं त्या दोन नावांवर बोट ठेवलं.

"ती दोघं कुठं आहेत?"

"नऊ वाजताच गेली."

दौलत आनंदा काळे हा १४ नोव्हेंबर २०६१ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, साइटच्या फाटकापासून दोन किलोमीटरवर, ट्रकखाली सापडून मरण पावला.