भरतीची पाटी

"पाहुणा उंबऱ्याबाहेर पडायच्या आत पाटीवर भरतीची वेळ लिहायची, बाळा. मग घरात काही का चाललेलं असेना."

आईचं हे शेवटच्या आजारातलं सांगणं. तिनं आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. समुद्राजवळच्या त्या चार खोल्यांच्या घरात पाहुण्यांना मुक्काम आणि सकाळची न्याहारी मिळे. भरतीला वाळूवरची वाट पाण्याखाली जाई, म्हणून ही पाटी. आणि पाच वर्षांत तिचा नेम एकदाही मोडला नव्हता.

आज मात्र पाटी पुसली आणि खडू हातातच राहिला. खिडकीबाहेर अंगणात पक्षीवाला त्या चित्रकार बाईच्या पिवळ्या स्कार्फमधले काटे काढत होता... एकेक, अगदी निगुतीनं.

पक्षीवाला म्हणजे दरवर्षी किनाऱ्यावरचे पक्षी मोजायला येणारा. गेली दोन वर्षं शेतांच्या बांधावरून, कड्यावरून तीच त्याला वाट दाखवायची. यंदा चित्रकार बाई मुक्कामाला आली, त्याच्याबरोबर फिरू लागली, आणि वाट दाखवणारीला घरातच कुठून कुठून कामं सापडू लागली.

तो चहा घ्यायला आत आला.

"मोजणी आज संपेल. उद्या निघतो. आज तरी याल?"

"तुम्हाला सोबत आहे की."

"सोबत आहे. वाट दाखवणारं कोणी नाही."

"तीन वर्षं येताय, अजून वाट पाठ नाही?"

"पाठ झाली म्हटलं तर तुम्ही कशाला याल..."

ती स्वयंपाकघरात जाऊन न्याहारीचं अंडं जोरजोरात फेटू लागली. स्वयंपाकाला मदतीला असलेली मावशी म्हणाली, "त्या अंड्यावर राग काढू नकोस. ते बिचारं आधीच फुटलंय."

ती बाहेर आली तेव्हा तो गेला होता. चित्रकार बाई मात्र टेबलाशी पावाला लोणी लावत बसली होती.

"तुम्ही नाही गेलात?" तिनं विचारलं.

"नको गं बाई. चार दिवस ऐकतेय – इथे त्या घसरल्या, इथे त्यांना हसू आवरेना, हा दगड त्यांचा बसायचा. पक्षी कमी, तूच जास्त."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग एकदम तिची नजर पाटीकडे गेली. पाटी कोरी.

"ते... पाटी न बघताच–"

"बघितली ना. बराच वेळ उभा होता पाटीसमोर. म्हणाला, त्यांचा नेम चुकत नाही. आज लिहिलं नाही, म्हणजे सांगायला स्वतः येतील. वाळूच्या अलीकडेच बसतो म्हणालाय, तुझ्या त्या दगडावर."

तिनं पाटीवर चित्रकार बाईपुरतं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'भरती पावणेबारा'. घड्याळात नुकते नऊ वाजले होते, आणि दगड जेमतेम अर्ध्या तासावर.

एका पाहुण्याला सांगायचं राहिलं होतं.

तिनं दारामागचे रबरी बूट चढवले, मावशीला हाक न मारता कडी हळूच सरकवली, आणि बांधाच्या वाटेला लागली. खडू तिच्या मुठीतच होता.