एकतीस नंबरचा बिल्ला

आमच्या बंदरातल्या हमालांची सकाळची हजेरी मीच घेतो. काम सोपं. मी नंबर पुकारायचा, माणसाने "हजर" म्हणायचं आणि खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला घेऊन जहाजाच्या पोटात उतरायचं. वर आला की बिल्ला परत खिळ्यावर. सगळे बिल्ले दिसले की मी हात वर करतो आणि जहाजाचं झाकण बंद होतं. मेलेल्याचा बिल्ला मात्र वर्षभर कुणाला द्यायचा नाही, हा जुना दंडक.

पण कंटेनर आले, जहाजं परस्पर जिनोआच्या मोठ्या बंदराला जाऊ लागली आणि दोनशे हमालांतले तेरा उरले. नवे बिल्ले मिळणं बंद झालं. अशात दोन महिने रिकामे गेल्यावर गव्हाचं एक जहाज लागलं. माझा जावई नेव्हिओ घरी बसलेला, लेकीला, ओर्नेल्लाला, सातवा महिना. आमच्यातला एकतीस नंबरचा, घोगऱ्या आवाजाचा झकारिया गव्हाखाली गुदमरून गेला त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याचा बिल्ला मी नेव्हिओला दिला. पोटच्या पोरीसाठी माणूस काय करत नाही!

"एकतीस!"

"हजर," नेव्हिओ म्हणाला. पाठोपाठ एक घोगरा आवाज आला, "हजर..."

"जावयाला दोघांचं जेवण घालता वाटतं, एर्मेतेकाका!" कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही.

दुपारी सगळे बिल्ले खिळ्यांवर होते. एकतीससुद्धा, धुळीने पांढरा झालेला. मी हात वर केला. झाकण सरकू लागलं, तेवढ्यात बाकावर नेव्हिओची चण्याची पोळी दिसली. फडक्यात बांधलेली, तशीच.

"थांबा! उघडा!"

तो गळ्यापर्यंत गव्हात रुतला होता. जिवंत होता. मी ढसाढसा रडलो. वर आणल्यावर त्याने मूठ उघडली, तर बिल्ला त्याच्याच मुठीत. वळून पाहिलं, खिळा रिकामा.

तेव्हापासून नेव्हिओ घरीच असतो, बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, धुळीने घसा गेला. आता मी तीसनंतर थेट बत्तीस पुकारतो. पण मध्ये श्वास घ्यायला थांबलो की मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी "हजर" म्हणतं. घोगरं नाही. तो नेव्हिओचा आवाज असतो.

हे ओर्नेल्लाला सांगायला नको होतं. काल ती नेव्हिओला आणि बाळाला घेऊन माझ्या घरी आली.

"बाबा, उद्या आम्हाला न्या ना तिथे... पोराला बापाचा आवाज एकदा तरी ऐकू दे. तुम्ही फक्त एकतीस म्हणा."

माझ्या तोंडून हो निघून गेलं. खिडकीशी बसलेला नेव्हिओ धावत आला, माझं मनगट घट्ट धरून, आवाज न काढता जोरजोरात मान हलवू लागला. नाही... नाही... आणि त्याच्या बाहीतून गव्हाचे दाणे टपटप खाली पडत होते.