नकाशातलं दार

भिंतीतल्या दिवळीतून सरकवलेली मोजायची टेप पलीकडून कुणीतरी धरली, तेव्हा उज्ज्वला केवढ्यानं तरी किंचाळली.

"भूत नाय, मॅडम," भिंतीतून आवाज आला. "मी गोकुळ. ठेकेदाराचा सुपरवायझर. टेप वाकडी जात व्हती, सरळ केली."

"आधी खोकायचं तरी!"

"खोकलो असतो तर अजून घाबरला असतात."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

जव्हारची ही दगडी कोठी बांधणाऱ्याला हात जोडावेत की त्याचे कान उपटावेत, हे उज्ज्वलाला कधीच ठरवता आलं नाही. संस्थानच्या काळातला कुणी कारभारी. अर्ध्या घरात त्याची कचेरी, अर्ध्या घरात बिऱ्हाड. कचेरीत येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर घरातल्या बायकांवर पडू नये म्हणून मधोमध हातभर जाडीची काळ्या दगडाची भिंत, आणि तिला दार नाही! कचेरीतून माजघरात यायचं तर एक जिना चढून माडीवर जा, माडी ओलांडा, दुसरा जिना उतरा. नाहीतर पुढच्या ओसरीवरून अंगणाला वळसा घाला आणि मागच्या पडवीतून, स्वयंपाकघरातून आत शिरा. दोन्ही खोल्यांत सामाईक असं एकच होतं, भिंतीत आरपार कोरलेली ती दिवळी. एक दिवा ठेवला की उजेड दोन्हीकडे. म्हणजे कारभारी संशयी होता तसा चिक्कूही असणार, असं उज्ज्वलाचं मत होतं.

कोठीची डागडुजी होऊन तिथं पर्यटकांसाठी मुक्कामाची सोय व्हायची होती. त्याआधी नकाशा हवा, म्हणून आयटीआयला आरेखन शिकलेली उज्ज्वला रोज खोडाळ्याहून जीपनं येत होती. तिनं टेबल मांडलं माजघरात. गोकुळचं चुन्याचं काम चाललं होतं कचेरीत. मधे भिंत.

आणि भिंतीआडचा गोकुळ काय बोलायचा!

"आज पेन्सिल जोरात चालतेय. कुणावर राग?"

"तुझ्यावर. खोलीची उंची सांग म्हटलं तर तासभर पत्ता नाही."

"उंची मोजत व्हतो. मग तुझ्या बांगड्या वाजल्या, आकडा विसरलो. परत मोजलं, परत वाजल्या. आता तूच सांग, चूक कुणाची?"

"बांगड्या काढून ठेवू?"

"नको नको! उंची काय, उद्या पण तेवढीच राहील."

ती गालातल्या गालात हसायची, आणि ते त्याला दिसत नाही याचं तिला कधी बरं वाटायचं, कधी वाईट.

पण हाच गोकुळ समोर आला की... अंगणात गाठ पडायची. जामसरचा उंच, सावळा पोरगा, पापण्यांवर चुन्याची भुकटी. तिच्याकडे एकदा बघायचा, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि म्हणायचा, "मॅडम... वाळू आली नाय अजून."

भिंतीआड 'तू', समोर 'मॅडम'! उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती ताडकन म्हणायची, "मग मी काय करू? मी आणू?" आणि आत येऊन विनाकारण खोडरबर आपटायची.

परतीचा पाऊस त्या आठवड्यात रोज दुपारी गर्जून जात होता. रानात कापलेलं भात पडलेलं, माणसं आभाळाकडे बघून हैराण. उज्ज्वलाचंही तसंच झालं होतं. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. विक्रमगडचे एक गुरुजी रविवारी तिला बघायला येणार होते. "यायला सांगू ना?" असं बाबांनी तीनदा विचारलं होतं आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते सांगायचं होतं. गुरुजींमध्ये खोड काढण्यासारखं काहीच नव्हतं, हीच मोठी अडचण होती.

गुरुवारी तिनं ते दिवळीतून सांगून टाकलं. पलीकडची थापी थांबली.

"बरं," एवढंच आलं भिंतीतून. मग पुन्हा थापीचा आवाज... खरडखरड, खरडखरड.

बरं? बरं म्हणजे काय? तिनं रागारागात नकाशा पुरा केला, फोटो काढून ठेकेदाराच्या ग्रुपवर टाकला आणि जीप गाठली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

शुक्रवारी दुपारी ती डबा धूत होती, तेव्हा भिंतीवर घण बसला.

"अरे! काय करताय?" ती दिवळीपाशी धावली.

"दार फोडतोय," गोकुळचा आवाज. "फागू गवंड्यानं आता हाणला पहिला. तुझ्या नकाशात काढलंय ना."

"माझ्या नकाशात?"

तिनं धडपडत कागद उलगडला. माजघर आणि कचेरी यांच्या मधल्या भिंतीत, बरोबर मधोमध, तिच्याच हातानं काढलेलं सुबक दार. कचेरीकडून माजघराकडे उघडणारं. ते कधी काढलं, तिला आठवेना. तिचे कान तापले.

"थांबवा! माडीची तुळई त्याच भिंतीवर आहे. सगळी माडी डोक्यावर येईल!"

"फागू, ठेव घण. जा, चहा पी." पावलं बाहेर गेली. मग गोकुळ हळूच म्हणाला, "ते माला पण म्हाईत हाय. म्हणून हळू हाणायला सांगितलं. पण मॅडम... उजा... तुला म्हाईत व्हतं, तर काढलं कशाला?"

दिवळीत काळोख होता. तिचा संयम सुटला.

"इथं येऊन विचार," ती म्हणाली. "भिंतीतून नाही. समोर ये आणि विचार. आज. नाहीतर रविवारी गुरुजींना हो म्हणून मोकळी होते मी!"

पलीकडे काहीतरी सांडलं. मग जिन्याची फळी करकरली. ती श्वास रोखून ऐकत राहिली. जिना झाला. माडीवर आला. डोक्यावरच्या फळ्या एकेक करत वाजत होत्या... मधल्या खांबापाशी... आणि थांबल्या.

थांबल्याच.

बाहेर पाऊस कोसळायला लागला. वर काही हलेना. ती इकडून तिकडे, तिकडून इकडे. परत फिरला असेल. चपलांकडे बघत उभा असेल. नाहीतर वाळूचा हिशोब करत असेल! जळो मेला! ती स्वयंपाकघरातून, पडवीतून भिजत धावली, अंगणाला वळसा घालून ओसरीवर चढली आणि कचेरीत घुसली. जिन्याशी बघते तर वर कुणीच नाही.

"उजा?" दिवळीतून आवाज आला. "कुठं गेलीस? मी आलोय इकडं."

ओसरीवर कामावरची कमू वाळू चाळत बसली होती. तिनं चाळणी खाली ठेवली. "तो वरून गेला, तू खालून आली," ती म्हणाली. "असं फिरत राहिलात तर लगीन व्हायचं कसं तुमचं?"

उज्ज्वलाला हसू आवरेना, आणि त्यातच डोळे भरून आले.

"तिथंच थांब," ती दिवळीत म्हणाली.

"नाय. तू थांब," तो म्हणाला. "मी येतो. तू बोलावलंस ना, मग मीच यायचं."

तो माडीवरून आला नाही. पावसातूनच पळत आला आणि दारात उभा राहिला, पापण्यांवरचा चुना ओघळून गालांवर आलेला. तिच्याकडे बघितलं. चपलांकडे बघितलं. कमूनं मुद्दाम पाठ फिरवली.

"वा..." त्यानं सुरुवात केली.

"वाळू म्हणालास तर बघ!"

त्यानं ओठ मिटले. मग नजर वर केली, आणि यावेळी ती खाली गेली नाही.

"गुरुजींना नको येऊ देऊ," तो म्हणाला. "माला तू पाहिजेस."

तिनं थोडी वाट पाहिली. "एवढंच? भिंतीतून केवढं बोलायचास."

"तेव्हा तू दिसत नव्हतीस."

उज्ज्वलाचा एवढ्या दिवसांचा राग कुठल्या कुठं पळाला. तिनं ओढणीनं त्याच्या गालावरचा चुना पुसला. तो तसाच उभा, जणू हलला तर ती नाहीशी होईल.

मग तिला बाबा आठवले. तिनं फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "बोल. फोनवर तर तुला जमेल. समोर कुणी दिसत नाही."

पलीकडे घंटी वाजत होती. गोकुळनं फोन हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं.

"फोनवर नको. समोर जाऊन बोलतो," तो म्हणाला. "ततपप झालं तर तू हायसच. बाबा रागीट हायेत का?"

"खूप."

तो ओले केस हातानं मागे सारत म्हणाला, "मग चल लवकर. खोडाळ्याची जीप सुटेल."