खडीच्या दगडांची संमती

"चष्मिष, ऊठ! सभा सुरू झालीसुद्धा!" भिंगरीने मामेभावाचं पांघरूण ओढलं आणि दोघं धूम पळत सुटली.

सुट्टीत डोंगरावर आल्यापासून भिंगरी एका जागी बसेल तर शपथ! मामा इथला डॉक्टर, तर मामी डोंगरावरच्या मूळ लोकांतली. आज वस्ती ठरवणार होती, डोंगर खाणीला द्यायचा की नाही. दिला, तर चष्मिषचं घरही उठणार होतं!

रीत साधी होती. ज्या घराला मान्य, त्याने आपल्या अंगणातला दगड सभेच्या कातळावर ठेवायचा. मान्य नसेल, तर दगड परत घरी न्यायचा.

पाहतात तो काय, कातळावर दगडांचा ढीग! खाणवाले साहेब खुशीत फोटो काढत होते.

"पहाटेच ठेवून गेले सगळे! मिळाली संमती!"

लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले. चष्मिषचा चेहरा पडला. भिंगरीला राहवेना. तिने एक दगड उचलला.

"आई गं! टोचला! तुमच्या अंगणातले दगड असे असतात?"

"छे! आमचे ओढ्यातले. गुळगुळीत," चष्मिष म्हणाला.

भिंगरीचे डोळे चमकले. ती ओरडली, "साहेब, ज्याला त्याला आपला दगड ओळखून दाखवू दे की!"

कुणीच पुढे येईना. तेवढ्यात साहेबांचा ट्रकवाला पुटपुटला, "मी म्हणत होतो, ओढ्यातले आणू. तुम्हीच म्हणालात, खडी चालेल!"

एकच हशा पिकला. साहेब लालबुंद झाले. "डोंगर शेवटी सरकारचाच आहे!"

"मग विचारायला कशाला आलात?" चष्मिष म्हणाला.

सभेच्या प्रमुख काकी उठल्या. "सरकार आमचंही आहे, साहेब. म्हणूनच कायद्यानं तुम्हाला इथं विचारायला पाठवलंय. उत्तर आम्ही देणार." त्यांनी खडी ढकलून कातळ मोकळा केला. "पोरांनो, शाब्बास! चोरी बरोबर पकडलीत!"

"आता कुणी दगड ठेवू नका हं!" भिंगरी उत्साहाने ओरडली.

"ते आम्ही ठरवू, बाळा," काकी म्हणाल्या. "तू पाहुणी आहेस. गप्प बस बघू."

भिंगरी हिरमुसली, पण बसली. पहिल्याच माणसाने दगड ठेवला! त्याला खाणीत काम हवं होतं. भिंगरीची जीभ नुसती वळवळत होती. तिने ओठ घट्ट मिटले. मग एकेक घर पुढे आलं, कातळापाशी थांबलं आणि आपला दगड घेऊन परत फिरलं. मामी सर्वांत शेवटी आली. तिचाही दगड तिच्या हातातच राहिला.

कातळावर एकटाच दगड होता. साहेबांनी ट्रक गाठला.

"जिंकलो!" चष्मिषने उडी मारली. "आणि भिंगरे, तू चक्क एका जागी बसलीस!"

"कसली बसलेय," ती डोळे पुसत म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात! हात दे, उठव आधी!"